कच्चेरी ऐकायची तर हात मोकळा ठेवा

आपल्याकडे कचेरी म्हटलं की तहसील, सातबारा आणि "साहेब जेवायला गेलेत". तमिळमधे कच्चेरी म्हणजे गाण्याची मैफल. हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे डिसेंबरात चेन्नईला मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा तिची आई सकाळी सकाळी म्हणाली, "आज संध्याकाळी कच्चेरीला जायचंय, लवकर आवर", तर मला खरंच वाटलं की यांचं काहीतरी जमिनीचं प्रकरण चालू असणार.

मैत्रिणीची आई म्हणजे मामी. तिकडे त्या वयाच्या सगळ्या बायका मामीच असतात. या मामी तीस वर्षं माटुंग्यात काढून मग मैलापूरला परत गेल्या, त्यामुळे मराठी एकदम फर्डं, भाजीवाल्याशी घासाघीस करून कमावलेलं. मी पुण्याची, सवाईला लहानपणापासून जाणारी, त्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं असा एक गोड गैरसमज होताच. तो पहिल्या वीस मिनिटात उतरला. गाणं सुरू झालं, मी डोळे मिटून बसले, आता हळूहळू राग उलगडेल म्हणून, आणि उलगडायच्या आत ते गाणं संपलं पण! दुसरं सुरू, दुसरा राग. ते पण दहा मिनिटात खलास. मला वाटलं ही नुसती फर्माईश चालू आहे की काय. शेजारी मामी मांडीवर हात आपटत होत्या आणि मधेच बोटं मोजत होत्या. मी विचारलं काय मोजताय, तर म्हणाल्या, "डोळे उघड आणि हात मोकळा ठेव, तरच कळेल."

पुढचं सगळं त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे असं समजा. मला जे त्या आणि पुढच्या दोन-तीन डिसेंबरात कळलं ते माझ्यासारख्याच हिंदुस्थानी कानाच्या लोकांसाठी लिहितेय. जाणकारांनी सांभाळून घ्या.

आधी हाताचंच बघू. तिकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा ताल आदिताल, आठ मात्रांचा. उजवा तळवा मांडीवर मारायचा, ती एक. मग अंगठ्याने करंगळी, अनामिका, मधलं बोट टेकवायचं (काही जण बोटं मांडीवरच टेकवतात), त्या दोन, तीन, चार. मग पुन्हा टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा, झाल्या आठ. बास. हे करून बघा आत्ता, मोबाईल दुसऱ्या हातात घ्या. आपल्याकडे ताल सांभाळायचं काम तबलजीचं, तो ठेका धरून बसतो म्हणून आपण निवांत असतो. तिकडे ठेका असा नसतोच. मृदंगम गाण्याच्या अंगाने वाजतो, शब्दांबरोबर वळतो, तालाची चौकट आवाजात कुठे ऐकूच येत नाही, ती असते गाणाऱ्याच्या हातात आणि ऐकणाऱ्यांच्या मांडीवर. सभागृहात मागे वळून बघितलंत तर शंभर-दोनशे हात एकाच वेळी उलटे होताना दिसतात, फार भारी दिसतं ते. म्हणून डोळे मिटून ऐकलं की अर्धी कच्चेरी हुकते. गायक चौकटीच्या किती बाहेर जाऊन कुठे परत आला हे हाताला कळतं, कानाला लगेच नाही कळत.

आता स्टेजवर कोण कोण असतं ते. मधे गायक किंवा गायिका, एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंगम, जोडीला घटम म्हणजे मातीचा घडा, किंवा खंजिरा म्हणजे छोटी डफली, किंवा मोरसिंग म्हणजे तोंडाशी धरून वाजवायचं छोटं लोखंडी वाद्य. मागे तंबोरा, बऱ्याचदा आता समोर इलेक्ट्रॉनिक श्रुतिबॉक्स. हार्मोनियम नाही. व्हायोलिन तिकडे आलं साधारण दोनशे वर्षांपूर्वी, तिकडचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांचं नाव त्यात पहिलं घेतात, आणि आता ते इतकं तिथलं झालंय की मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. साथ कशी, तर गायकाने आलापीची एक ओळ घेतली की व्हायोलिन त्याचं शेपूट धरून मागोमाग येतं, सावलीसारखं, आणि गायकाचं झालं की मग त्याला स्वतःला पाच-दहा मिनिटं पूर्ण मोकळं रान. आपल्या हार्मोनियमवाल्यांना एवढं रान कोण देतं!

मृदंगमचं एक बारकं सांगते कारण मला ते फार आवडलं. आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ना, तसं मृदंगमच्या डाव्या तोंडाला परंपरेने रव्याची ओली गोळी लावतात. मैफलीच्या आधी लावायची, झाल्यावर खरवडून काढायची. आता बरेच जण रव्याऐवजी कायमस्वरूपी चिकट लेप वापरतात. पण त्या पहिल्या संध्याकाळी मी पडद्याच्या फटीतून एका म्हाताऱ्या वादकांना रवा मळताना पाहिलं, वाटीत थोडं थोडं पाणी घालत, अगदी उपम्याची तयारी चाललीय असं. आणि पट्टीचं पण गंमत आहे, आपण पांढरी एक, पांढरी पाच म्हणतो, ते "ओन्नु कट्टै", "अंजु कट्टै" म्हणतात. हिशोब तोच, पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचा. आपली काळी एक म्हणजे त्यांची दीड कट्टै.

तर मग ती छोटी छोटी गाणी का? कारण कच्चेरीचा एक क्रम असतो आणि तो क्रम आज जसा आहे तसा बसवण्याचं श्रेय अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९० ते १९६७) यांना देतात. त्याआधी मैफली तासन् तास चालायच्या, थोड्याच गोष्टी आणि त्या लांबलचक. अरियकुडींनी सुरुवातीला वर्णम, मग चटपटीत छोट्या कृती (कृती म्हणजे बांधलेली रचना, आपल्या बंदिशीसारखी), मधे एखादी सावकाश, मग मुख्य कृती, मग मृदंगमचं एकल, आणि शेवटी हलकंफुलकं असं ताट वाढून ठेवलं. लोकांना ते इतकं आवडलं की शंभरेक वर्षांनीही बहुतेक जण त्याच ताटात जेवतात. काही जण मुद्दाम मोडतात, गायक टी. एम. कृष्णा वर्णम मधेच गातात, कधी तेच मुख्य करतात, त्यावर तिकडे भरपूर भांडणं होतात. मामी त्या विषयावर माझ्याशी दोन दिवस बोलत होत्या, ते इथे नको.

सुरुवातीचं वर्णम म्हणजे गळ्याची आणि साथीदारांची वॉर्मअप समजा. मग बहुतेक वेळा गणपतीची कृती. हंसध्वनी राग आला की आपल्याला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. तो राग दीक्षितरांच्या वडिलांनी, रामस्वामी दीक्षितरांनी बांधला असं मानतात आणि आपल्याकडे तो भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांमुळे रुळला.

रागांच्या नावांनी मात्र फसू नका. त्यांचा मोहनम म्हणजे आपला भूप, हिंदोलम म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, इथवर ठीक. पण त्यांची तोडी म्हणजे आपल्या भैरवीचे सूर, आणि त्यांची भैरवी भलतीच काहीतरी! मी शेजारच्या काकांना आत्मविश्वासाने सांगितलं की भैरवी लागली म्हणजे आता संपणार बहुतेक, तर ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण मैफल सुरू होऊन अर्धा तास झाला होता. शिवाय सूर तेच असले तरी लावायची पद्धत वेगळी. आपण सुरावर थांबतो, न्यास करतो, ते सुराला हलता ठेवतात. गमक. तोडीचा गंधार तर जागेवर उभाच राहत नाही, वर-खाली झुलत राहतो आणि ते झुलणं म्हणजेच गंधार. पहिल्यांदा ऐकताना हे सूर नीट का लावत नाहीत असं वाटतं (वाटतं, खोटं कशाला बोलू), दुसऱ्या-तिसऱ्या कच्चेरीनंतर कान बसतो.

आता मुख्य पदार्थ. त्या संध्याकाळी मुख्य होती संत-रचनाकार त्यागराजांची "निधि चाल सुखमा", राग कल्याणी, म्हणजे आपल्या यमनचे सूर, आणि ताल मिश्र चापू, सात मात्रा, तीन आणि चार, तकिट तकधिमि. ही कृती मराठी माणसाने ऐकावीच कारण हिच्यात आपणच व्हिलन आहोत. तंजावरला तेव्हा भोसल्यांचं राज्य. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तिकडे गेले आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी जवळच्या तिरुवैयारूला राहणाऱ्या त्यागराजांना दरबारात बोलावणं पाठवलं, भेटवस्तू पाठवल्या, आणि त्यागराजांनी नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना हे गायले, अशी कथा आहे. त्यागराजांचा भाऊ इतका चिडला की त्याने त्यांच्या पूजेतल्या मूर्ती कावेरीत टाकून दिल्या असंही सांगतात. भाषा तेलुगू, पण कळते की बघा. निधी म्हणजे धन, चाल म्हणजे फार, सुखमा म्हणजे सुख का? धन जास्त सुखाचं, की रामाच्या सन्निध सेवा सुखाची? पुढे विचारतात, दही, लोणी, दूध रुचकर, की दाशरथीच्या ध्यानभजनाचा सुधारस? सगळं गाणं प्रश्नांचंच आहे, उत्तर एकाही ओळीत दिलेलं नाही.

हे गाणं नुसतं गायलं तर सात-आठ मिनिटांचं. त्या दिवशी ते पाऊण तासाच्या वर चाललं. ते कसं?

आधी कल्याणीची आलापना. ताल नाही, शब्द नाहीत, तदरिन, ता, ना असले अक्षर घेऊन रागाचा फेरफटका. मग व्हायोलिनचा फेरफटका. मग कृती, बांधलेली, गुरूकडून आलेली, प्रत्येक ओळ दोनदा-तीनदा, दर वेळी थोडी जास्त नटून. ही नटलेली वळणंपण पाठातलीच असतात, संगती म्हणतात त्यांना, लोक वाट बघत असतात त्यांची. मग चरणात एका ओळीवर गाडी थांबली, "ममता बंधन" पासून सुरू होणारी ओळ, मोहाच्या बंधनात अडकलेल्या माणसाची स्तुती सुखाची का, असं विचारणारी. (म्हणजे राजेसाहेबांची. कळलं ना कोणाला टोमणा ते.) इथे निरवल सुरू झालं. निरवल म्हणजे ती एकच ओळ घ्यायची, शब्द तेच, आणि तालात शब्द जिथे पडतात त्या जागाही जवळजवळ त्याच ठेवायच्या, फक्त सूर दर वेळी नवे. आपली बोलआलापी जवळची, पण आपण शब्द ताणतो, तोडतो, कुठेही टाकतो. इथे "बंधन" आपल्या जागेवर यायला पाहिजे म्हणजे पाहिजे. एखाद्याच्या घरातलं सामान न हलवता दर वेळी घर वेगळं दाखवायचं असं काहीतरी. मामींचा हात इथे थांबला नाही पण मान हलायला लागली.

आणि मग कल्पनास्वर. नि ध प म ग रे असे सुरांची नावं घेऊन तिथल्या तिथे बांधलेल्या ओळी, पहिल्यांदा छोट्या आणि संथ, मग दुप्पट वेगात, आणि दर वेळी परत येऊन "ममता"ला पकडायचं. बॉलिंग मशीनसारखं. गायक एक टाकतो, व्हायोलिन एक टाकतं, गायक लांब, व्हायोलिन लांब, मग दोघं ओळी आखूड आखूड करत आणतात, अर्ध्यावर, त्याच्या अर्ध्यावर, आणि शेवटी गायक एक मोठी बांधलेली कोरवै टाकतो.

कोरवै जरा नीट बघू, कारण याच्यातच तिकडच्या लोकांचा जीव आहे आणि आपल्याला वाटतं की ही तिहाईच. तिहाईसारखीच, एक गोष्ट तीनदा, पण एक फरक आहे. सोपं उदाहरण घेते. आदिताल, हाताच्या एकेका मोजणीत चार बारीक मात्रा धरल्या तर एका फेरीत, म्हणजे आवर्तनात, बत्तीस. एक बोल घ्या, त-दिं-गि-ण-तोम, पाच मात्रांचा. तीनदा म्हणायचा, मधे दोन ठिकाणी एक-एक मात्रा श्वास. पाच, एक, पाच, एक, पाच, झाल्या सतरा. बत्तीसातून सतरा गेले पंधरा. म्हणजे पंधरा मात्रा सोडून सोळावीला सुरुवात करायची, की शेवटचा तोम बत्तिसाव्या मात्रेवर संपतो आणि पुढच्या समेवर (म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) गाण्याचा शब्द उगवतो. आपली तिहाई समेवर पडते, तिचा शेवटचा धा म्हणजेच सम. कोरवै समेच्या दारात येऊन संपते आणि दार गाणं उघडतं. आता याच्यात खोडी अशी की गाणं दर वेळी समेवर सुरू होत नाही. काही कृती समेनंतर हाताच्या दीड मोजणीने सुरू होतात, त्या जागेला एडुप्पु म्हणतात, आणि मग सगळा हिशोब त्या दीड मोजणीने सरकवायचा, आणि हे सगळं कागद-पेन्सिल नसताना, गाताना, लोक समोर बोटं मोजत बसलेले असताना. चुकलं तर दोनशे हात उलटे झालेले असतात आणि गायक अजून पलीकडे! तसं मी एकदा एका दुपारच्या मैफलीत बघितलंय, तरुण मुलगा होता, एका मात्रेने हुकला, हसला, मृदंगमवाल्याने त्याला अलगद उचलून घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं ओरडतील.

याच्यानंतर येतं तनी आवर्तनम. गायक आणि व्हायोलिन गप्प, मृदंगम आणि घटम यांचं एकल, त्याच तालात, म्हणजे त्या दिवशी सातातच. आणि इथे एक लाजिरवाणी गोष्ट घडते, तनी सुरू झाली की अर्धं सभागृह उठून कॉफी प्यायला जातं. खरंच. चेन्नईतला जुना विनोद आहे तो आणि तो अजून चालू आहे. सभेच्या (कच्चेऱ्या भरवणाऱ्या संस्थांना तिकडे सभा म्हणतात) कँटीनचंही तसंच आहे, डिसेंबरात काही लोक गाण्यापेक्षा कँटीनसाठी येतात, वाटल्यास त्यांना दोष देऊ नका, मी तिथला रवा डोसा खाल्लाय. मी पण पर्स उचलली होती. मामींनी मनगट धरलं. "बस खाली. कॉफी कुठे पळून जात नाही."

नशीब बसले. मृदंगमने आधी सातावर नुसतं खेळून घेतलं, मग प्रत्येक मात्रेचे चाराऐवजी पाच तुकडे करायला लागला, तकतकिट तकतकिट. याला नडै म्हणतात, चाल बदलणं. तीनाची, चाराची, पाचाची, साताची, नवाची असते. ताल तोच, गाडीच्या चाकाचा घेर तोच, फक्त आऱ्या बदलल्या. माझा हात लगेच चुकला. मामींचा नाही. गायक पण सगळा वेळ मांडीवर ताल देत बसलेला, आणि त्याची ती जबाबदारीच असते कारण वाजवणाऱ्यांनी कितीही हूल दिली तरी घर कुठे आहे ते त्याने दाखवत राहायचं. मग घटमची पाळी, मग दोघांचं सवाल-जवाब, एकेक आवर्तन, अर्धं, पाव, मग दोघं एकत्र, आणि शेवटची मोठी कोरवै तीनदा. त्या घड्यावर वाजवणारे बोटांनी, नखांनी, मनगटाने वाजवतात आणि मधेच घड्याचं तोंड पोटाशी दाबून आवाज खोल करतात, हे जवळून बघण्यासारखं. कोरवै संपली आणि बरोब्बर तिथे गायकाने "ममता" उचललं. वीस मिनिटं तो शब्द हवेत लटकत ठेवला होता त्यांनी आणि परत आल्यावर तो तसाच ताजा. माझ्या तोंडून वा निघालं. शेजारचे काका "बेष, बेष" म्हणाले, आपल्या "बेस झालं" मधल्या बेससारखं, आणि पुढच्या रांगेत कोणीतरी त्च त्च केलं. घाबरू नका, आपल्याकडे ते हळहळ व्यक्त करायला करतात, तिकडे ती दाद आहे.

रागम तानम पल्लवी नावाचा एक अजून अवघड प्रकार असतो, त्यात एकच ओळ घेऊन तिला अर्ध्या, बरोबरीच्या आणि दुप्पट लयीत फिरवतात, आणि त्यातलं तानम आपल्या धृपदियांच्या नोमतोमच्या बरंच जवळचं. तो त्या दिवशी नव्हता, आणि पहिल्याच वेळी तो मिळाला नाही हे बरंच झालं.

यानंतर ताण उतरतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तुक्कडा, खरंच तो शब्द तोच आहे. पदम, जावळी, तिल्लाना, भजन, आणि बऱ्याचदा अभंग. हो, आपला अभंग, मराठीत. तंजावरच्या मराठी राज्यामुळे कीर्तन तिकडे गेलं, त्यातून तिकडची हरिकथा घडली आणि त्यात ओवी, साकी, दिंडी अजून त्याच नावांनी गातात. अलीकडे अरुणा साईराम यांनी कच्चेरीत अभंग फार लोकप्रिय केला, त्या मुंबईतच वाढलेल्या. पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन तास तेलुगू, संस्कृत, तमिळ ऐकल्यावर अचानक "विठ्ठल विठ्ठल" कानावर आलं, ठेका पण एकदम भजनी, आणि अख्खं सभागृह टाळ्या धरतंय. मी मामींकडे बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या, "घे, तुझं आलं" अशा चेहऱ्याने. डोळ्यात पाणी वगैरे आलं, सांगायला हरकत नाही.

ज्यांना चेन्नई जमणार नाही त्यांच्यासाठी, मुंबईत किंग्ज सर्कलला षण्मुखानंद आहे, ती सभा १९५२ पासूनची. चेन्नईला जाणार असाल तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जा, मार्गळी महिना, शहरभर दिवसाला कितीतरी कच्चेऱ्या असतात. म्युझिक अकादमीत (१९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मधे निघालेली) संध्याकाळी मोठ्या कलाकारांसाठी आधी तिकीट काढून ठेवावं लागतं, पण दुपारी बऱ्याच सभांमधे नवीन पोरापोरींचं गाणं फुकट असतं. मी तर म्हणेन दुपारीच जा. गर्दी कमी, पुढे बसायला मिळतं, हात स्पष्ट दिसतात.

सगळ्यात शेवटी मंगलम होतं. छोटंसं, बहुतेक वेळा सौराष्ट्र रागात, आणि ते झालं की पुढे काही गात नाहीत, कितीही वन्समोअर ओरडा. मंगलम सुरू झालं तशा मामींनी पर्समधून एक छोटी डायरी काढली आणि लिहायला लागल्या, कृती, राग, ताल, एकेका ओळीत. बऱ्याच लोकांकडे अशा डायऱ्या असतात तिकडे. कल्याणीच्या ओळीपुढे त्यांनी तमिळमधे काहीतरी खरडलं. मी विचारलं काय लिहिलंत. म्हणाल्या, "तनीला तू उठली नाहीस ते."